महिन्याला किती सुटतात?



घोलवड स्टेशनच्या बाहेर माझं एक छोटंसं दुकान आहे. वह्या, पेन, पावतीपुस्तकं आणि एक झेरॉक्सचं यंत्र. बी.ए. झाल्यावर नोकरीसाठी पुष्कळ जोडे झिजवले, पण कुठं जमलं नाही. मग १९९६ साली हे दुकान टाकलं आणि त्यावरच संसार केला. कविता करतो हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे, पण कवितेचे कुणी पैसे देत नाही, झेरॉक्सचे देतात. म्हणून मी स्वतःला आधी दुकानदार समजतो आणि मग कवी.

मागच्या पावसाळ्यात दुपारच्या वेळी एक मुलगा दुकानात आला. वय असेल बावीस-तेवीस. पायात चकचकीत बूट, खांद्याला लॅपटॉपची बॅग, बाहेर एवढा चिखल असूनही शर्ट परीटघडीचा. त्यानं दोन फॉर्मच्या प्रती काढायला दिल्या. यंत्र गरम होईपर्यंत जरा वेळ लागतो. तेवढ्यात त्यानं दुकानावर नजर फिरवली आणि अगदी घरच्यासारखं विचारलं, "काका, रागावू नका, पण महिन्याला किती सुटतात तुम्हाला यातून?"

मी हसलो. त्याला वाटलं, बरं वाटलं म्हणून हसलो. खरं तर मी ओळखीचा माणूस भेटल्यासारखा हसलो होतो. कारण हा प्रश्न गेल्या तीस वर्षांत मला किती जणांनी विचारला असेल याची गणतीच नाही. माणसं बदलली, कपडे बदलले, योजना बदलल्या. प्रश्न मात्र तोच राहिला. आणि तो नेहमी वाईट दिवसांतच येतो. दुकान चांगलं चाललेलं असताना कुणीही येऊन विचारत नाही की बाबा रे, तुला किती सुटतात.

वाईट दिवस आले हे मला वर्तमानपत्राच्या आधी माझ्या यंत्रावरून कळतं. दिवस चांगले असले की लोक मुलांच्या गुणपत्रिका, जातीचे दाखले, लग्नपत्रिकांचे मसुदे घेऊन येतात. दिवस फिरले की सातबारा येतो, बँकेचं पासबुक येतं, सोनं तारण ठेवल्याची पावती येते. २००८ साली जगभर मंदी आली, तेव्हा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारी आमच्याकडची मुलं बायोडाटाच्या वीस-वीस प्रती काढून नेत. नोटाबंदी झाली त्या नोव्हेंबर २०१६ मध्ये आधार कार्डाच्या प्रती काढता काढता माझी शाई संपली. आणि २०२० च्या टाळेबंदीत यंत्रावर कापड टाकून मी घरी बसलो होतो. वाडीत चिकू झाडावर तयार होता, पण मालाला उठाव नव्हता. चिकू हे फळ काही थांबत नाही. उतरवलं की चार दिवसांत पिकतं आणि मग त्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

आमचा हा पट्टा म्हणजे डहाणू, घोलवड, बोर्डी, तलासरी. बाहेरच्या माणसाला इथं समुद्र दिसतो, सुरूची झाडं दिसतात, हिरव्यागार वाड्या दिसतात. आमच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण १९९१ पासून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. त्यामुळे मोठे कारखाने इथं येत नाहीत. झाडं वाचली हे चांगलंच झालं, पण पोरांना कामासाठी बोईसर नाही तर वापी गाठावी लागते. नोव्हेंबर २०१८ पासून तर डहाणू-तलासरीत जमिनीनं हादरे द्यायला सुरुवात केली. लोक थंडीत घराबाहेर ताडपत्रीखाली झोपले. अशा ठिकाणी कुणी येऊन गोड आवाजात म्हणालं की बसल्या जागी पैसे दुप्पट होतील, तर माणूस निदान ऐकून तरी घेतो.

मी पहिल्यांदा ऐकलं ते सागवानाचं. नव्वदच्या दशकातल्या जाहिराती तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. आज हजार रुपये भरा, तुमच्या नावानं सागाचं रोप लावू आणि वीस वर्षांनी तुम्हाला पन्नास हजार मिळतील! मी नुकताच कॉलेजातून बाहेर पडलो होतो. मला ती कल्पना फारच आवडली. झाड लावायचं, तेही न लावता, आणि पैसे घ्यायचे. माझे वडील वाडीवर मुकादम होते. त्यांना मी ती जाहिरात वाचून दाखवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी कोण देणार?" दुसरा विचारला, "जमीन कुठली आहे?" आणि तिसरा, "वीस वर्षांनी हा माणूस कुठं असेल?"

तिन्ही प्रश्नांची उत्तरं जाहिरातीत नव्हती. अब्बांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण चिकूचं कलम खिरणीच्या रोपावर बांधतात आणि खिरणी वाढायला किती वेळ घेते, हे त्यांनी हातानं केलेलं होतं. कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दिसतं, पण वाडी उत्पन्नाला लागायला सात-आठ वर्षं जातात. फूल आल्यापासून फळ उतरेपर्यंत सात ते दहा महिने लागतात. ज्यानं हे सगळं पाहिलंय त्याला घाई करणारा माणूस आपोआप संशयास्पद वाटतो. चेन्नईची अनुभव प्लँटेशन्स ही सागवानातली मोठी कंपनी १९९८ मध्ये कोसळली. मग १९९९ साली सेबीनं अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले. तोवर हजारो मध्यमवर्गीय घरांतल्या कपाटांत झाडांची सुंदर छापील प्रमाणपत्रं येऊन पडली होती.

आता या योजनांचं पोट कसं चालतं ते जरा पाहू. मी हिशेब झेरॉक्सच्या वाया गेलेल्या कागदामागे करतो, तुम्ही मनात करा. समजा, योजना अशी आहे की दहा हजार रुपये भरा आणि वीस महिने दरमहा हजार रुपये घ्या. म्हणजे पैसे दुप्पट. शंभर माणसांनी भरले, दहा लाख जमले. माणसं आणणाऱ्यांना दहा टक्के दिले, नऊ लाख उरले. शंभर माणसांना दरमहा हजार, म्हणजे महिन्याला एक लाख जातात. नऊ महिन्यांत तिजोरी रिकामी! आणि देणं अजून अकरा महिन्यांचं बाकी. मग दहाव्या महिन्याचे पैसे कुठून येणार? नव्या माणसांकडून. पण त्या नव्या माणसांनाही दुप्पट द्यायचं कबूल केलेलं असतं. म्हणजे खड्डा बुजवायला दुसरीकडे त्याहून मोठा खड्डा खणायचा. मधे धंदा काही नाही. मसाले परदेशात जातात, शेळ्या वाढतात, हॉटेलं चालतात, ही सगळी वरची रंगरंगोटी.

ही युक्ती आपल्याकडची नाही आणि नवीही नाही. १९२० साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी नावाच्या इटलीहून आलेल्या माणसानं पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देऊ असं सांगून लोकांकडून पैसे घेतले. टपालाच्या आंतरराष्ट्रीय कूपनांचा व्यापार करतो असं तो सांगे. काही महिन्यांत सगळं कोसळलं. आजही जगभर अशा योजनेला त्याचंच नाव आहे. आणि १९९७ साली तर अल्बानिया हा अख्खा देशच यात बुडाला. तीसेक लाख वस्तीचा गरीब देश, कम्युनिस्ट राजवटीतून नुकता बाहेर पडलेला. लोकांनी घरं विकली, गुरं विकली आणि योजनांत पैसे टाकले. योजना कोसळल्या तेव्हा लोक रस्त्यावर आले, शस्त्रागारं लुटली गेली, सुमारे दोन हजार माणसं मेली आणि सरकार गेलं.

आपल्या महाराष्ट्रातही ही यादी लहान नाही. २०११ मध्ये स्पीक एशिया आठवते? अकरा हजार भरायचे, आठवड्याला संगणकावर दोन सर्वेक्षणं भरायची आणि प्रत्येकी पाचशे रुपये घ्यायचे. आमच्याकडे ज्यांच्या घरी संगणक नव्हता त्यांनीही ते भरले होते. २०१२ मध्ये तामिळनाडूत इमू पक्ष्यांच्या योजना कोसळल्या, त्याची झळ आपल्याकडच्या शेतकऱ्यांनाही बसली. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जनं पन्नास लाखांहून अधिक लोकांकडून सात हजार कोटींहून जास्त रक्कम गोळा केल्याचं सेबीनं नोंदवलं. वसईत मूळ असलेल्या मैत्रेय समूहावर २०१६ मध्ये नाशकात गुन्हा दाखल झाला. आणि अगदी अलीकडचं सांगायचं तर जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेस नावाच्या चकचकीत दुकानाबाहेर लोकांची गर्दी जमली. हिऱ्यासारखे दिसणारे खडे विकत घ्या आणि दर आठवड्याला टक्केवारीनं पैसे घ्या, अशी ती योजना. सुरुवातीला आठवड्याला सहा टक्के देऊ म्हणत, शेवटी आकडा अकरावर गेला. आठवड्याला, महिन्याला नव्हे! तक्रार द्यायला पुढं आला तो एक भाजीविक्रेता होता.

हे सगळं मी तुम्हाला शहाण्यासारखं सांगतो आहे. पण मंडळी, आता जे सांगणार आहे ते सांगायला मला बरीच वर्षं लागली.

२०१३ साली चर्चगेटहून येणारी लोकल डहाणूपर्यंत आली. तिच्याबरोबर आमच्या भागात नवे चेहरेही आले. जमिनीचे आले, योजनांचे आले. त्याच वर्षी हिवाळ्यात एक कंपनी आली. नाव सांगत नाही, आता ती कुठंच नाही. मघाशी जो दहा हजारांचा हिशेब सांगितला, तो तिचाच. कंपनीला एक मोठा मेळावा घ्यायचा होता. एक ओळखीचा तरुण दुकानात आला आणि म्हणाला, "सर, सूत्रसंचालन तुम्हीच करायचं. तुमच्यासारखा आवाज या पट्ट्यात कुणाचा आहे?"

कवीला यापेक्षा जास्त काय लागतं? मी होकार दिला. मंडप चांगला होता, चहा-नाश्ता होता. मी पाहुण्यांची ओळख करून दिली, मधेमधे चार ओळी म्हटल्या, लोक हसले, टाळ्या झाल्या. मला शाल, श्रीफळ आणि हजार रुपयांचं पाकीट मिळालं. कंपनीच्या माणसानं मंचावरून विचारलं, "महिन्याला किती सुटतात तुम्हाला?" आणि समोरची माणसं माना खाली घालून बोटांवर मोजायला लागली. ते दृश्य मी मंचावरून पाहिलं. तेव्हाच मी खाली उतरायला हवं होतं.

त्याच्या आधी महिनाभर त्याच तरुणानं मला दहा हजार भरायला सांगितलं होतं. मी ते भरले नव्हते. माझ्या पत्नीनं रात्री कागद-पेन्सिल घेऊन हाच हिशेब केला होता आणि म्हणाली होती, "हे जमत नाही. नवव्या महिन्यात यांच्याकडे काही उरत नाही." म्हणजे मला माहीत होतं. स्वतःचे दहा हजार द्यायला मी तयार नव्हतो आणि तरीही माझा आवाज मी दिला.

मेळाव्यानंतर आठ दिवसांनी वाडीवर चिकू वेचायला, निवडायला जाणाऱ्या एक मावशी दुकानात आल्या. त्यांच्या नवऱ्याला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. फॉर्मची प्रत काढायला आल्या होत्या. त्यांनी तीस हजार भरले होते. मुलाच्या लग्नासाठी शेळ्या विकून, मजुरीतून बाजूला टाकून जमवलेले. मी विचारलं, "मावशी, एवढे कशाला भरले?" त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी व्हते ना तिथं. म्हनून भरले."

मी त्या फॉर्मची प्रत काढून दिली आणि दोन रुपये घेतले. गप्प बसलो. आज मला सगळ्यात जास्त लाज कसली वाटत असेल तर ती या गप्प बसण्याची. फॉर्म अजून हातात होता. त्याच दिवशी त्यांना घेऊन जाऊन पैसे परत मागता आले असते. तेव्हा ते दिलेही असते, कारण सुरुवातीला या कंपन्या मागणाऱ्याला लगेच पैसे देतात. त्यानंच तर विश्वास वाढतो.

मावशींना तीन महिने तीन-तीन हजार मिळाले. चौथ्या महिन्यात कंपनीच्या कार्यालयाला कुलूप लागलं. एकवीस हजार गेले. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा पत्नी बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "स्वतःचे दहा हजार ठेवायला तयार नव्हता, आणि माईकवर गेलात."

माझ्याकडे एकवीस हजार एकदम नव्हते. ऑगस्ट २०१४ मध्ये, आमचा पालघर जिल्हा झाला त्याच महिन्यात, मी मावशींना पहिले पाचशे रुपये दिले. त्या घ्यायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, "तुमी थोडेच खाल्ले?" मी म्हटलं, "मावशी, मला झोप यावी म्हणून तरी घ्या." बेचाळीस महिने लागले. त्या मधल्या काळात मुलाचं लग्न झालं, तेही कर्ज काढूनच. माझ्या पाचशे रुपयांनी ते कर्ज टळलं नाही. हेही मला माहीत आहे.

आमच्या या मातीत कर्ज आणि लग्न यांचं जुनं नातं आहे. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोनं त्याच्याकडे वर्षानुवर्षं राबायचं, याला इथं लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते सगळं आलेलं आहे. १९४५ साली तलासरी-डहाणूचे वारली त्याविरुद्ध उभे राहिले आणि ती वेठ त्यांनी मोडून काढली. त्यांच्या नातवंडांना पुन्हा कर्जात टाकायला आता सावकार लागत नाही, मंडप आणि माईक पुरतो. तो माईक माझ्या हातात होता.

लोक म्हणतात, फसतात ते लोभी असतात. मी एवढ्या वर्षांत पाहिलं ते वेगळं. फसणाऱ्यांत लोभी असतात, नाही असं नाही. पण बहुतेकांना बंगला नको असतो. मुलीची फी हवी असते, आईचं ऑपरेशन करायचं असतं, गहाण पडलेली पाटली सोडवायची असते. बँकेच्या व्याजात ते भागत नाही आणि नोकरी मिळत नाही. माणूस पाण्यात बुडत असला की हाताला लागेल ते धरतो, ती दोरी आहे की साप हे पाहत नाही. साप म्हटल्यावर आठवलं, मांडूळ साप लाखो रुपयांना विकला जातो म्हणून जंगलात रात्री हिंडणारी आणि शेवटी वन्यजीव कायद्याखाली तुरुंगात जाणारी माणसंही आपण वर्तमानपत्रात वाचतो. पैशांचा पाऊस पाडतो म्हणणारे भोंदूही असतात. त्यांच्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. कोट-टाय घालून पाऊस पाडणाऱ्याला मात्र आपण साहेब म्हणतो.

आणखी एक गोष्ट. या योजना परक्या माणसाच्या तोंडून येत नाहीत. मेव्हणा आणतो, शेजारीण आणते, शाळासोबती आणतो. कधी धर्मही आणतो. आमच्या समाजात व्याज निषिद्ध आहे, त्यामुळे अनेक जण बँकेपासून दूर राहतात. हे हेरून काही जण आले आणि म्हणाले, हे व्याज नाही, नफ्यातला वाटा आहे, हलाल आहे. बंगळुरूची आयएमए जून २०१९ मध्ये कोसळली तेव्हा तिच्यात पैसे अडकलेले बहुतेक मुसलमान होते. विधवा, निवृत्त, रिक्षावाले. माझ्या ओळखीतल्या एका बुजुर्गांना मी तेव्हा विचारलं, "चाचा, हिशेब विचारला होता का?" ते म्हणाले, "दीनचं नाव घेतल्यावर हिशेब कसा विचारणार?" दुसऱ्या समाजात हेच गुरूच्या, देवाच्या, नाही तर जातीच्या नावानं होतं. माझं म्हणणं एवढंच, की जिथं देवाचं नाव घेतलं जातं तिथं तर हिशेब जास्त चोख असायला हवा.

मग गरिबानं एकत्र येऊन पैसा उभा करूच नये का? जरूर करावा. आमच्याकडे बायकांची भिशी असते. वीस जणी दरमहा पाचशे भरतात आणि पाळीपाळीनं एकीला दहा हजार मिळतात. त्यात कुणाला भरल्यापेक्षा एक रुपया जास्त मिळत नाही, म्हणूनच ओळखीतली, विश्वासाची भिशी टिकते. बचत गट आहेत, पोस्ट आहे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. यात पैसा हळू वाढतो. पण चिकूही हळूच वाढतो.

कायदे नाहीत असंही नाही. साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ सालचा आहे. ठेवीदारांच्या हितासाठी महाराष्ट्रानं १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यात बुडव्या संस्थेची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे देण्याची तरतूद आहे. २०१९ मध्ये केंद्रानं नोंदणी नसलेल्या ठेव योजनांवरच बंदी आणली. रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' नावाचं संकेतस्थळ आहे, तिथं तक्रार करता येते. मोबाइलवरून फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, जितका लवकर कराल तितकं चांगलं. पण जप्ती, लिलाव, न्यायालय यात वर्षं जातात. आणि कायद्यापर्यंत पोहोचण्याआधी माणसाला एक उंबरठा ओलांडावा लागतो, तो लाजेचा. मी फसलो हे सांगायला माणूस तयार नसतो. ज्यानं दुसऱ्याला फसवण्यात नकळत हात दिला, तो तर त्याहून नसतो. म्हणून आज मी माझं सांगितलं.

आता त्या चकचकीत बुटांच्या मुलाकडे येतो. मी त्याला म्हटलं, "बाळा, बस. महिन्याला किती सुटतात ते सांगतो, पण आधी तुला किती सुटतात ते सांग." तो गडबडला. मी स्टूल पुढं केलं, चहा मागवला. हळूहळू त्यानं सांगितलं. वापीतली नोकरी गेली होती. मोबाइलवरच्या एका गटातून ही योजना कळली. आईच्या कानातले गहाण ठेवून पंधरा हजार भरले होते. ते सुटायचे तर त्यानं सहा माणसं आणायची होती. तीन महिन्यांत एकही मिळाला नव्हता. बूट आणि शर्ट दोन्ही मित्राचे होते.

मी त्याच्यासमोर कागद ठेवला. म्हटलं, "तू सहा आणायचे, त्या सहांनी प्रत्येकी सहा आणायचे. लिही पुढं." तो लिहीत गेला. सहा, छत्तीस, दोनशे सोळा, बाराशे शहाण्णव. दहाव्या ओळीला आकडा सहा कोटींच्या वर गेला. अकराव्या ओळीला छत्तीस कोटींच्या वर. मी म्हटलं, "२०११ च्या जनगणनेत सगळा महाराष्ट्र मिळून सव्वाअकरा कोटींच्या आसपास होता. बाकीची माणसं कुठून आणणार?" त्यानं पेन खाली ठेवलं. मग एकदम म्हणाला, "काका, आईला काय सांगू?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी त्याला मावशींची गोष्ट सांगितली, जशी आता तुम्हाला सांगितली तशीच. म्हटलं, "आईला खरं सांग. रागावेल, रडेल. पण तू ज्या सहांकडे जाणार होतास त्यांच्याही आया आहेत."

तो गेला. फॉर्मच्या प्रती दुकानातच विसरून गेला. पंधरा दिवसांनी परत आला तेव्हा बरोबर आई होती. पायात रबरी चपला होत्या. हातात पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज होता, वहीच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलेला, खाली दोघांच्या सह्या. म्हणाला, "काका, याच्या तीन प्रती काढा."

मी यंत्र सुरू केलं. प्रती काढून दिल्या. त्याच्या आईनं पदराची गाठ सोडली आणि विचारलं, "किती झाले, भाईजान?"

मी म्हटलं, "राहू द्या. याचे पैसे घेत नाही."